पाठीचा पट्टा

वाशिम जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी सुरू झाली, की रिसोड-मालेगावकडच्या शिवारांत बायका दिवसभर वाकून राबतात. साठी उलटलेल्या बाईला हंडा उचलताना पाठीत कळ आली, तर ‘उसण भरली’ म्हणून तेल चोळलं जातं. प्रत्यक्षात ठिसूळ झालेला मणकाच दबलेला असू शकतो, बहुधा छातीचा शेवटचा किंवा कमरेचा पहिला. एक्स-रेत तो पुढून चेपलेला, पाचरीसारखा दिसतो.

अशा वेळी अनेकदा टेलर ब्रेस हा पाठीचा पट्टा दिला जातो. न्यूयॉर्कच्या डॉ. चार्ल्स टेलर यांनी तो १९व्या शतकात, क्षयाने पोखरलेल्या मणक्यांसाठी बनवला. पाठीला दोन उभ्या पट्ट्या, खांद्यांवरून बंद, पोटावर रुंद पट्टा. पुढे वाकणं रोखलं जातं, दुखणं सुसह्य होतं. तो पातळ सुती कपड्यावर बांधावा, झोपताना सहसा काढावा. साधारण ६ ते १२ आठवडे पुरे. उगाच लांबवलं तर पाठीचे स्नायू दुबळे होतात.

पट्ट्याने हाड मात्र मजबूत होत नाही, आणि नेमकं हेच घरच्यांना कुणी सांगत नाही. त्यासाठी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि डॉक्टरांनी ठरवलेलं औषध लागतं. पायांतलं बळ कमी झालं किंवा लघवी अडली, तर तडक रुग्णालय गाठावं.