न्यायचं कुठं? सीमाभागातल्या मानसिक उपचारांची दीडशे वर्षं

नेपानगर : घरात कुणी रात्र-रात्र झोपत नाही, एकटंच बडबडतं, जेवण सोडतं. अशा वेळी या भागात पहिला प्रश्न निघतो, ‘न्यायचं कुठं?’ कुणी बुलढाण्याच्या सैलानीचं नाव घेतं, कुणी बैतूलकडच्या मलाजपूरचं. डॉक्टरचं नाव बहुतेक वेळा शेवटी येतं. याला नुसती अंधश्रद्धा म्हणून भागणार नाही. जवळपास डॉक्टर होतेच कुठं, हेही पाहावं लागतं.

आधी कोंडणं, मग उपचार

इंग्रजांनी १८५८ मध्ये मनोरुग्णालयांचा कायदा केला. त्यानंतर नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६), ठाणे (१९०१) आणि येरवडा (१९१५) इथली मनोरुग्णालयं उभी राहिली. पुढे १९१२ चा ‘लुनसी ॲक्ट’ आला. त्यातही भर उपचारापेक्षा बंदोबस्तावर होता. १९४६ मध्ये भोर समितीने हिशेब मांडला, तेव्हा देशात चाळीस हजार लोकांमागे मानसिक आजारासाठी जेमतेम एक खाट होती.

१९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिनसारखी औषधं आली आणि चित्र बदलू लागलं. त्याच सुमारास अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबूत राहायला बोलावलं. घरच्यांना आजार समजला, तर रुग्ण परत घरी नांदू शकतो, हे त्यातून दिसलं.

१९५६ ची रेघ

इंग्रजी अमलात बुऱ्हाणपूर निमाड जिल्ह्यात होतं, निमाड मध्य प्रांतात आणि प्रांताची राजधानी नागपूर. म्हणजे नागपूरचं मनोरुग्णालय आपल्याच प्रांतातलं. एप्रिल १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी नेपा मिल देशाला अर्पण केली, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली. नागपूर पलीकडे गेलं. नव्या मध्य प्रदेशाकडे ग्वाल्हेर आणि इंदूरची मनोरुग्णालयं राहिली. ग्वाल्हेरची अवस्था इतकी बिकट झाली की १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रांची आणि आग्र्यासोबत तिथली देखरेखही राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवली.

कागदावर आणि जमिनीवर

१९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ मध्ये जिल्हा पातळीवरचा. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मध्य प्रदेशात लाख लोकांमागे फक्त ०.०५ मनोविकारतज्ज्ञ निघाले. सरळ सांगायचं तर वीस लाखांमागे एक. केरळात हेच प्रमाण १.२ होतं. देशातल्या दर शंभर प्रौढांपैकी दहा-अकरा जणांना कुठला ना कुठला मानसिक विकार होता, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते.

साखळीला बंदी

६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली. साखळदंडाने बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २८ जण गेले. त्यानंतर देशभर चर्चा झाली, तरी नवा कायदा यायला २०१७ उजाडलं. मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार रुग्णाला साखळीने बांधणं बेकायदेशीर आहे. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला, कार्ड असो वा नसो, सरकारी ठिकाणी उपचार मोफत मिळायला हवेत. जिल्ह्यात किमान सरकारी सोय नसेल, तर जिल्ह्यातच दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसायचा आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावात होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला भरायचा नाही. आरोग्य विमाही शारीरिक आजारासारखाच लागू होतो. हे सगळं रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखं आहे.

मग आज करायचं काय?

• ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. ऑक्टोबर २०२२ पासूनची ही सेवा मराठीसह २० भाषांत आहे.

• आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. खंडवा आणि जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नेपानगरहून दोन्हीकडे रेल्वेने जाता येतं.

• औषध सुरू झालं की बरं वाटताच मनाने बंद करू नये. आजार उलटण्याचं हे नेहमीचं कारण.

• देवाला जायचं तर जरूर जावं, पण गोळी चुकवू नये. आणि माणसाला बांधून तर मुळीच ठेवू नये.