पेशीतली प्रक्षिप्ते

प्रक्षिप्त ओवी ओळखायला शिकवणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे सांगताना दरवर्षी माझा आवाज चढतो. मूळचे ते ठेवावे, मागाहून घुसलेले काढून टाकावे. यात शंका कसली? ती शंका यंदा उत्पन्न झाली, आणि तीही आमच्या महाविद्यालयातल्या जीवशास्त्राच्या बाईंमुळे. चहा घेताना त्या सहज म्हणाल्या, "माणसाच्या जनुकांच्या पोथीतला सुमारे ८ टक्के मजकूर विषाणूंचा आहे, सर!"

विषाणू पेशीत शिरतो, तिला राबवतो आणि मारतो, एवढेच मला ठाऊक. पण रेट्रोव्हायरस हे कूळ निराळे. त्यांचा मजकूर आरएनएत लिहिलेला. पेशीत येताच त्याची डीएनएत नक्कल होते. हे उलटे लेखन करणारे विकर टेमिन आणि बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे शोधले. मग दुसरे एक विकर पेशीचा डीएनए कापून ती नक्कल मधेच जोडून देते. पेशी दुभंगली, की दोन्ही लेकींच्या वाट्याला हा मजकूर जातो. एड्सचा विषाणू हेच करतो. काही पेशींत तो मुकाट पडून राहतो. म्हणून तर औषधे थांबवली की पुन्हा डोके वर काढतो.

अशी घुसखोरी बीजपेशीत झाली, की ती वंशपरंपरेने चालते. शिवाय हा मजकूर एका पानावर स्वस्थ बसत नाही. त्याची आरएनए प्रत निघते, तिचा पुन्हा डीएनए होतो, आणि तो भलत्याच पानावर जाऊन बसतो. आपल्यातल्या बहुतेक प्रती आता मोडक्या आहेत, हे नशीब!

"मग त्या काढून टाकल्या तर?" मी विचारले.

बाई हसल्या. विषाणूचे आवरण पेशीच्या आवरणात मिसळवणारे एक प्रथिन असते. तसल्या एका प्रथिनाचे जनुक आपल्याकडे राहून गेले, आणि ते वारेत कामाला लागलेले आहे, हे २००० साली प्रसिद्ध झाले. ते वारेतल्या पेशी एकजीव करून सलग थर बनवते. आईच्या रक्तातले अन्न त्या थरातून बाळाला पोचते. उंदरांतले तशाच कामाचे जनुक काढून टाकल्याचा प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पिल्ले गर्भातच मेली होती.

घरी एक जुने बाड तपासायला घेतले होते. अकरा ओव्यांवर मी फुल्या मारल्या होत्या. ज्या आजींनी ते बाड विश्वासाने दिले, त्या रोज देवापुढे नेमक्या त्याच ओव्या म्हणतात. फुल्या पेन्सिलीच्या होत्या, हे बरे.