दिसायला बोटभर, पण चुकलं तर शाफ्ट भंगारात : लेथचं सेंटर निवडायचं कसं?

ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडला की लातूर-नांदेडकडचे कारखाने एकामागोमाग सुरू होतात. मांजरा असो की भाऊराव चव्हाण, उसाचं गाळप चालू होतं. त्याच सुमारास कापसाच्या जिनिंग सुरू होतात, सोयाबीनच्या ऑइल मिल धावायला लागतात आणि लातूरच्या डाळ मिलचा आवाज तर विचारूच नका.

हे सगळं ज्याच्यावर फिरतं ती गोष्ट एकच. शाफ्ट.

ऐन सीझनमध्ये शाफ्टची बेअरिंगची जागा झिजली, तर तो निघतो आणि थेट एमआयडीसीतल्या नाहीतर बाजारातल्या लेथवर येतो. वेल्डिंगने भर घालायची, मग लेथवर टर्निंग करून पुन्हा मापात आणायचा, असं काम. तिकडे मिल बंद, इकडे मालक डोक्यावर उभा. अशा वेळी मशीन चांगलं आहे, टूल नवीन आहे, कारागीर हुशार आहे, तरी शाफ्ट एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघतो.

असं का होतं? बऱ्याचदा उत्तर एका बोटभर टोकात सापडतं. त्या टोकाला म्हणतात सेंटर.

सेंटर म्हणजे नेमकं काय?

लेथमध्ये जॉब फिरतो आणि टूल जागेवर राहून त्याला कापतं. जॉब एका बाजूने चकमध्ये पकडलेला असतो. तो छोटा असेल तर तेवढी पकड पुरते. पण लांब असेल तर टूलच्या दाबाने त्याचं मोकळं टोक वाकतं, थरथरतं. म्हणून समोरच्या टेलस्टॉकमधून एक टोकदार आधार पुढे आणतात आणि जॉबच्या तोंडावर पाडलेल्या भोकात बसवतात. हा आधार म्हणजे सेंटर.

ढोबळ हिशोब असा, की चकच्या बाहेर आलेली लांबी व्यासाच्या तीन-चार पटीपेक्षा जास्त असेल तर सेंटर लावायचंच. लांबी दहा-बारा पटीच्या पुढे गेली तर नुसतं सेंटरही पुरत नाही, मधे स्टेडी रेस्टचा आधार द्यावा लागतो.

डेड की रिव्हॉल्व्हिंग?

दुकानात गेलात की पहिला प्रश्न हाच येतो.

डेड सेंटर म्हणजे पोलादाचा एकसंध तुकडा. टेलस्टॉकमध्ये लावला की तो फिरत नाही, जॉब त्याच्यावर घासत फिरतो. घासतो म्हणजे तापणार, त्यामुळे ग्रीस लागतं आणि स्पीड कमी ठेवावा लागतो. टोक लवकर झिजू नये म्हणून काही सेंटरच्या टोकाला कार्बाइड बसवलेलं असतं. एवढी कटकट असूनही हे सेंटर बाजारात टिकून आहे. का? कारण त्यात बेअरिंगच नाही. बेअरिंग नाही म्हणजे बेअरिंगचा खेळ नाही, त्यामुळे अचूकता जबरदस्त. सिलिंड्रिकल ग्राइंडिंग मशीनवर आजही डेड सेंटर वापरतात ते यासाठीच.

रिव्हॉल्व्हिंग सेंटरचं टोक आतल्या बेअरिंगवर जॉबसोबत फिरतं. घर्षण नाही, त्यामुळे स्पीड वाढवता येतो. कार्बाइड टूलने जोरात माल काढायचा असेल तर हेच हवं. पण इथे सगळी अचूकता आतल्या बेअरिंगवर अवलंबून असते. बेअरिंग सैल झालं की टोक डगमगतं आणि ती डगमग जॉबवर उतरते.

म्हणून रिव्हॉल्व्हिंग सेंटर घेताना तीन आकडे विचारायचे. किती वजनाचा जॉब पेलेल, जास्तीत जास्त किती आरपीएम चालेल आणि रनआऊट किती आहे. रनआऊट म्हणजे फिरताना टोक किती इकडे-तिकडे होतं ते. चांगल्या सेंटरमध्ये हा आकडा ०.००५ मिलिमीटरच्या आसपास असतो. दुकानदार यातला एकही आकडा सांगू शकत नसेल, तर ते सेंटर स्वस्त का आहे ते समजून जायचं.

इतर प्रकार कशासाठी?

जॉबचं तोंड फेसिंग करायचं आहे, पण सेंटर मधे येतंय? मग हाफ सेंटर. याच्या टोकाचा एक भाग कापलेला असतो, त्यामुळे टूल भोकाच्या कडेपर्यंत पोचतं.

पाइप किंवा पोकळ जॉब आहे? मग पाइप सेंटर. मोठं, बोथट डोकं पाइपच्या तोंडात बसतं.

टेलस्टॉक सरकवून टेपर काढायचा आहे? मग बॉल सेंटर. टेलस्टॉक सरकवला की साधं टोक भोकात तिरकं बसतं आणि एकाच कडेवर घासतं. गोल टोक असेल तर ते सगळीकडून टेकतं.

जॉब इतका बारीक आहे की भोकच पाडता येत नाही? मग उलटं, म्हणजे आतून खोलगट सेंटर. जॉबचं टोक त्यात बसतं.

उष्णतेचा खेळ

बऱ्याच जणांचा जॉब इथेच बिघडतो. एक मीटर लांबीचा पोलादी शाफ्ट टर्निंग करताना ४० अंशांनी तापला, तर त्याची लांबी साधारण अर्धा मिलिमीटर वाढते. एका बाजूला चक, दुसऱ्या बाजूला घट्ट आवळलेलं सेंटर. मग वाढलेली लांबी जाणार कुठे? एकतर शाफ्ट मधे वाकतो, नाहीतर सगळा दाब सेंटरच्या बेअरिंगवर येतो.

यावर उपाय सोपा आहे. रफ कटिंग झालं की मशीन थांबवा, टेलस्टॉक किंचित सैल करून पुन्हा लावा आणि जॉब गार झाल्यावरच फायनल कट घ्या. लांब जॉब रोजचेच असतील तर स्प्रिंग असलेलं सेंटर मिळतं, ते वाढलेली लांबी स्वतः सामावून घेतं.

जॉब टेपर निघतोय? आधी हे बघा

टेलस्टॉक मशीनच्या मध्यरेषेपासून आडवा फक्त ०.०५ मिलिमीटर सरकलेला असला, तर शाफ्टच्या दोन टोकांच्या व्यासात ०.१ मिलिमीटरचा फरक पडू शकतो. बेअरिंग बसवायला एवढा फरक म्हणजे जॉब रिजेक्ट. अशा वेळी नवीन सेंटर आणूनही उपयोग नाही. आधी टेस्ट बार आणि डायल गेज लावून टेलस्टॉक सरळ करायचा.

सेंटरचा मागचा भाग मोर्स टेपरचा असतो. एमटी २, ३, ४, ५ असे त्याचे नंबर. एमटी २ ची जाड बाजू १७.७८ मिलिमीटर असते, एमटी ४ ची ३१.२६७. लेथच्या टेलस्टॉकमध्ये कोणता टेपर आहे ते बघूनच सेंटर घ्यायचं. हा टेपर नुसत्या घट्ट बसण्यावर पकड घेतो. मधे लोखंडाची एखादी चिप अडकली तरी सेंटर तिरकं बसतं. बसवण्याआधी दोन्ही बाजू फडक्याने पुसायला दहा सेकंद लागतात, आणि तेवढ्याने बरेच जॉब वाचतात.

सगळ्यात महत्त्वाचं : भोक

सेंटर कितीही भारी असलं तरी ते ज्या भोकात बसतं ते भोक नीट नसेल तर सगळं फुकट. साधं सेंटर ६० अंशांचं असतं आणि भोकही ६० अंशांचंच लागतं. भोकाच्या तळाशी सरळ बारीक भोक ठेवतात. त्यामुळे सेंटरचं टोक तळाला टेकत नाही, बाजूंवर बसतं, आणि खाली ग्रीसलाही जागा मिळते. फार भारी जॉबसाठी ७५ किंवा ९० अंशांची सेंटर वापरतात.

याचं मोठं उदाहरण म्हणजे रेल्वे. लातूरजवळ हरंगूळला कोच फॅक्टरी आहे, नांदेडला दक्षिण मध्य रेल्वेचं विभागीय कार्यालय आहे. या भागातून रोज धावणाऱ्या गाड्यांच्या धुऱ्याच्या दोन्ही तोंडांवर सेंटरची भोकं असतात. चाकं झिजली आणि वर्कशॉपमध्ये गेली, की धुरा याच भोकांवर धरून चाकांचा आकार पुन्हा नीट करता येतो. म्हणजे भोक शाबूत असेल तर पुढच्या प्रत्येक दुरुस्तीला मूळ मध्य सापडतो.

आपल्या डाळ मिलच्या शाफ्टचंही तसंच आहे. पुली काढताना तोंडावर हातोडा मारला की भोक चेपतं आणि पुढच्या वेळी टर्नरला शाफ्टचा मध्य अंदाजाने शोधावा लागतो. म्हणून जो शाफ्ट पुन्हा दुरुस्तीला येणार आहे, त्याला बी टाइपचं भोक पाडावं. त्याच्या तोंडावर १२० अंशांची जास्तीची कड असते, ती आतल्या बसक्या जागेला मार लागू देत नाही.

शेवटी जिवाचा प्रश्न

जॉब सेंटरवरून निसटला तर तो फिरत फिरत बाहेर फेकला जातो आणि समोर उभा असतो टर्नर. म्हणून जड जॉबला छोटं भोक पाडायचं नाही. टेलस्टॉक आणि त्याची पुढे येणारी नळी, दोन्ही लॉक करायच्या. नळी गरजेपेक्षा जास्त बाहेर काढायची नाही. हातमोजे घालून चालू लेथवर काम करायचं नाही. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडला दोन वर्षं हेच घोकून घेतात, पण कामाच्या घाईत नेमकं हेच राहून जातं.

थोडक्यात, सेंटर घ्यायला जाताना "चांगलं सेंटर द्या" म्हणू नका. टेपरचा नंबर, जॉबचं वजन, स्पीड, किती अचूक माप हवं आणि जॉब भरीव आहे की पोकळ, एवढं सांगा. अचूक आणि सावकाश कामाला डेड, जोरात आणि रोजच्या कामाला रिव्हॉल्व्हिंग. बहुतेक वर्कशॉपमध्ये एक-एक दोन्ही असलं तर काम भागतं. फक्त रिव्हॉल्व्हिंग सेंटरच्या बेअरिंगचा आवाज बदलला की ते लगेच बाजूला काढायचं. सीझन संपायची वाट बघायची नाही.