हळद ओली की वाळलेली? : गटाचा अहवाल लिहिताना

आजचा विषय तुम्हाला जरा कोरडा वाटेल. गटाचा अहवाल लिहिताना कुठं चुका होतात, ते आज सांगायचं आहे. अशाच एका चुकीपायी आमच्या गटाचा अख्खा हंगाम हातचा गेला, म्हणून हा विषय घेतला.

आम्ही वसमत तालुक्यातल्या. सभासदांच्या शेतातली हळद एकत्र करायची, शिजवून वाळवायची, दळून पाकिटं विकायची, हे आमच्या गटाचं काम. दळायची मशीन घ्यायची म्हणून आम्ही बँकेकडं कर्जाचा प्रस्ताव दिला आणि सोबत वर्षाचा अहवाल जोडला. त्यात लिहिलं होतं, ‘गटाने 20 क्विंटल हळद घेतली. 380 किलो पावडर विकली.’ प्रस्ताव परत आला. साहेबांनी विचारलं, उरलेली 16 क्विंटल हळद कुठं गेली?

ती कुठंच गेली नव्हती. घेतलेली हळद ओली होती. ओली हळद शिजवून वाळवली की वजन साधारण चौथा-पाचवा हिस्साच उरतं, हे आपल्या घरातल्या लेकरालाही ठाऊक आहे. पण कागदावर ‘ओली’ हा शब्दच नव्हता. अहवाल दुरुस्त करून, सगळ्यांच्या सह्या घेऊन, कागद पुन्हा जाईस्तोवर पाऊस लागला. त्या साली आम्ही दुसऱ्याच्या गिरणीत पैसे मोजून हळद दळली.

साहेबांचा दोष नव्हता. त्यांनी आमचं अंगण पाहिलेलं नव्हतं. आपण टेबलापाशी नसताना आपल्या वतीनं बोलतो तो अहवाल. जे त्यात नाही, ते वाचणाऱ्याला कळत नाही. तेव्हापासून आम्ही काही गोष्टी सांभाळतो.

पहिली गोष्ट, माप आणि मालाची अवस्था लिहायची. पोतं, पायली, टोपलं हे आपल्यात चालतं, अहवालात किलो आणि क्विंटल लिहा. हळद ओली की वाळलेली, मिरची देठासकट की देठ काढलेली, डाळ सालीची की बिनसालीची, हेही लिहा.

दुसरी गोष्ट, ‘खूप’, ‘चांगली’, ‘बऱ्यापैकी’ हे शब्द काढून तिथं आकडा घालायचा. ‘दिवाळीत पापडांची चांगली विक्री झाली’ यातून काय कळतं? ‘दिवाळीच्या 15 दिवसांत 60 किलो पापड विकले’ असं लिहिलं की कामाचं खरं माप दिसतं.

तिसरी चूक सगळीकडं होते. विक्रीलाच नफा म्हणायचं. एक उदाहरण धरा. 40 किलो पावडर 250 रुपये किलोनं विकली, आले 10,000 रुपये. त्यातून वाळलेल्या हळदीचे 6,300, दळायचे 450, पाकिटं आणि लेबलांचे 400, गाडीभाड्याचे 250 वजा करा. खर्च झाला 7,400. हाती उरले 2,600. चौघी जणी दोन-दोन दिवस राबल्या, रोज 250 रुपये धरला तरी मजुरी 2,000 होते. खरा नफा उरला 600. आपली मजुरी आपणच धरत नाही आणि मग वाटतं, धंदा जोरात आहे. बँक हिशोब घालणारच, त्याआधी तो आपण घातलेला बरा. 600 रुपये पाहूनच आम्हाला कळलं की पाकिटाचा भाव वाढवायला हवा.

चौथी गोष्ट भाषेची. ‘बैठक घेण्यात आली, चर्चा करण्यात आली, निर्णय घेण्यात आला’ असं सरकारी वळणाचं लिहिलं की भारदस्त वाटतं, पण कुणी केलं ते कळत नाही. त्यापेक्षा लिहा, ‘5 तारखेच्या बैठकीत 11 पैकी 9 सभासद हजर होत्या. पॅकिंगचं सामान सचिवांनी 20 तारखेपर्यंत आणायचं ठरलं.’ कोण, काय, किती, कधीपर्यंत, एवढं आलं की प्रोसिडिंग पुरं झालं.

आपली बोली लिहिली म्हणून काही बिघडत नाही. पण जिथं अर्थ बदलतो तिथं जपा. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, लाचार. ‘महिला दीन साजरा केला’ असं आमच्याही वहीत सापडलं होतं. तसंच ‘शिल्लक’ आणि ‘थकबाकी’. गटाकडं उरलेले पैसे ती शिल्लक आणि सभासदाकडून ठरल्या तारखेला न आलेला हप्ता ती थकबाकी. दोन्हीला ‘बाकी’ म्हटलं की घोळ झालाच.

पाचवी गोष्ट, आकडे एकमेकांशी जुळायला हवेत. रोकड वही, पासबुक आणि अहवाल शेजारी ठेवून ताडून पाहा. गटाचं नाव पासबुकावर जसं आहे, तसंच ठरावावर आणि अर्जावर लिहा. रक्कम आकड्यात आणि अक्षरात दोन्ही लिहा.

आणि थकबाकी लपवू नका. ‘दोन सभासदांचे हप्ते थकले, एकीच्या घरी आजारपण होतं, आता हप्ता लहान करून दिला आहे’ असं सरळ लिहा. लपवलेली गोष्ट पासबुकात दिसतेच आणि मग खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि अद्ययावत लेखे ही पंचसूत्री ‘उमेद’च्या बैठकांत आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पहिली चार सूत्रं आपण मनापासून पाळतो. पाचवं सचिवावर सोपवून मोकळ्या होतो. आमचंही तेच झालं होतं.

आता आमच्याकडं अहवाल पाठवायच्या आधी बैठकीत मोठ्यानं वाचला जातो. वाचता न येणाऱ्या सभासदही कान देऊन ऐकतात. मागच्या खेपेला त्यांच्यापैकीच एकीनं हटकलं, ‘थांब गं, सरपण त्या महिन्यात दोनदा आणलं होतं, खर्च एकदाच कसा?’ वही उघडून पाहिली, तिचंच बरोबर निघालं.

तर बायांनो, पुढच्या बैठकीत तुमचा अहवाल सगळ्यांसमोर एकदा वाचून पाहा. सही किंवा अंगठा करण्याआधी प्रत्येकीनं तो ऐकलेला असू द्या.