राजाचे आडनाव आणि प्रजेचा दाखला

इंग्लंडचे राजे तिसरे चार्ल्स यांचे बंधू अँड्र्यू यांचे सर्व किताब काढून घेण्याचा निर्णय तेथील राजवाड्याने ३० ऑक्टोबर २०२५ रोजी जाहीर केला. जन्मापासून राजपुत्र म्हणून वावरलेले हे गृहस्थ यापुढे ‘अँड्र्यू माउंटबॅटन विंडसर’ या नावाने ओळखले जातील, असे त्या निवेदनात होते. ज्या आरोपांमुळे हे घडले त्यांची चर्चा पुष्कळ झाली आहे, आणि ते आरोप त्यांनी नाकारलेले आहेत. आम्हांला लक्षणीय वाटते ते निराळेच. राजपुत्राला शासन करावयाचे ठरले तेव्हा राजवाड्याने त्याला दिले काय, तर आडनाव! तुम्हा-आम्हांला जे पाळण्यातच मिळते आणि शाळेच्या पटापासून शिधापत्रिकेपर्यंत सोबत करते, ते राजवाड्यात पदच्युतीची खूण ठरले.

वस्तुतः हे विंडसर आडनावही फार जुने नव्हे. पहिल्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब टाकणाऱ्या जर्मन विमानांची एक जात ‘गोथा’ या नावाने प्रसिद्ध होती, आणि इंग्लंडच्या राजघराण्याचे नावही सॅक्स-कोबर्ग-गोथा असेच होते. प्रजेचा रोष ओळखून पंचम जॉर्ज यांनी १७ जुलै १९१७ रोजी ते जर्मन नाव टाकले आणि आपल्या एका किल्ल्याचे नाव घराण्याला लावले. पुढे १९६० साली राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांनी पतीचे माउंटबॅटन हे नाव त्याला जोडले. परंतु तेही मुख्यतः ज्या वंशजांना राजकीय बिरुद नसेल त्यांच्यासाठी. आडनाव लागते ते बिरुद नसलेल्यांना, हाच त्याचा अर्थ.

ओळखपत्रांची कथाही अशीच आहे. ब्रिटिश पारपत्र राजाच्या नावाने दिले जाते. त्याच्या धारकास अडथळ्याविना जाऊ द्यावे, अशी विनंती त्यात राजाच्या नावे केलेली असते. आता स्वतःच्याच नावाने स्वतःची शिफारस कोण करील? म्हणून तेथे राजाला पारपत्र नाही. घरातील इतर सर्वांना ते काढावे लागते. वाहन चालविण्याच्या परवान्याचेही तेच. एलिझाबेथ यांनी दुसऱ्या महायुद्धात लष्करी वाहने चालविण्याचे शिक्षण घेतले आणि उतारवयापर्यंत मोटार हाकली. पण राणी झाल्यावर परवाना बाळगण्याचे कारण त्यांना उरले नव्हते. जो सर्वांना दाखला देतो त्याला दाखला देणारा कोणी नसतो, हे राजसत्तेचे तर्कशास्त्र आहे.

या तर्कशास्त्राला दुसरीही बाजू आहे. जपानच्या सम्राटाला आडनाव नाही, पारपत्र नाही, आणि मतदानाचा हक्कही नाही. सामान्य जपानी कुटुंबाची नोंद जेथे होते त्या नोंदवहीत राजघराणे नसते. त्यांची वंशावळ वेगळी ठेवली जाते. २०२१ च्या ऑक्टोबरात राजकन्या माको यांनी एका सामान्य तरुणाशी विवाह केला. त्या दिवशी त्यांचे राजपद गेले, आणि त्याच दिवशी त्यांना कोमुरो हे आडनाव मिळाले, सामान्यांच्या नोंदवहीत जागा मिळाली. राजकन्येने गमावले ते सर्वांना दिसले. तिने नागरिकत्वाचे हक्क कमावले, हे मात्र थोड्यांच्या ध्यानात आले.

मुकुट गेल्यावर काय होते, याचा धडा ग्रीसने दिला. १९७४ च्या सार्वमताने तेथील राजेशाही संपली. १९९४ च्या कायद्याने माजी राजे कॉन्स्टंटाइन यांचे नागरिकत्व गेले. ते हवे असेल तर प्रजासत्ताक मान्य करा आणि आडनावासह नाव नोंदवा, अशी अट होती. घराण्याला आडनावच नाही आणि ग्लुक्सबुर्ग हे तर गावाचे नाव, अशी त्यांची भूमिका राहिली. अखेर एकेकाळचा हा राजा डेन्मार्कच्या पारपत्रावर प्रवास करीत राहिला आणि २०२३ च्या जानेवारीत निवर्तला. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात त्याच्या कुटुंबीयांनी प्रजासत्ताक मान्य करून आडनाव स्वीकारले, तेव्हा त्यांना नागरिकत्व परत मिळाले. याउलट बल्गेरियाचे बालराजे सिमिऑन पदभ्रष्ट झाल्यावर अर्धशतकाने मायदेशी परतले, सॅक्स-कोबर्ग-गोथा याच आडनावाने निवडणुकीला सामोरे गेले आणि २००१ मध्ये पंतप्रधान झाले. इंग्लंडच्या राजाने भीतीपोटी टाकलेले नाव बल्गेरियाच्या माजी राजाने मतदारांपुढे उघडपणे नेले!

गावाचे नाव घराण्याला लावण्यात आपल्याकडे मात्र कोणाला कमीपणा वाटला नाही. होळ गावचे ते होळकर इंदूरच्या गादीवर बसले तरी होळकरच राहिले. ग्वाल्हेरचे शिंदे, बडोद्याचे गायकवाड, आमच्या शेजारचे सावंतवाडीचे भोसले, यांची आडनावे नांगर धरणाऱ्या कुणब्याच्या घरातही आढळतात. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे गेले, मान्यता गेली. आडनावे जागच्या जागी राहिली, आणि तीच घेऊन शिंदे-गायकवाड मतपत्रिकेवर आले. गोमंतकात तर याहून बोलका दाखला आहे. १९१० पर्यंत ज्या ब्रागांझा घराण्याचे राज्य येथे होते, त्याच नावाचे लुईस द मिनेझिस ब्रागांझा १९३० साली पोर्तुगीजांच्या विधिमंडळात गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्कासाठी उभे राहिले. आडनावावरून निष्ठा ओळखू पाहणाऱ्यांनी हे विसरू नये.

आपले पारपत्रही राष्ट्रपतींच्या नावाने विनंती करते. शब्दरचना जवळपास ब्रिटिशांचीच. परंतु ज्यांच्या नावाने ती केली जाते ते मतदार असतात. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत के. आर. नारायणन यांनी पदावर असताना मतदान केले. असे करणारे ते पहिले राष्ट्रपती. प्रजासत्ताकाची खरी शोभा त्या मतदार यादीत आहे.

म्हणूनच दाखल्यांचा व्यवहार राज्यकर्त्यांनी जपून केला पाहिजे. कागद नसलेला राजा दाराशी आला तर पहारेकरी सलाम करतो. कागद नसलेला मजूर आला तर त्याला हाकलून देतो. पहिल्याला कागद लागत नाही आणि दुसऱ्याला तो मिळत नाही. १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने मुक्त गोमंतकातील माणसाला ओळखले ते त्याच्या, त्याच्या आईबापांच्या किंवा आजा-आजीच्या या भूमीतील जन्मावरून. कोणाचे आडनाव ब्रागांझा आहे की बोरकर, हे त्याने विचारले नाही. आज पारपत्र, मतदार यादी, ओळखपत्र यांच्या खिडक्यांपुढे रांगा लागतात, तेव्हा खिडकीमागच्या अधिकाऱ्याने हे औदार्य आठवावे. दाखला ही त्याने घातलेली भीक नसून, आपल्या मालकाला दिलेली पोच आहे.