शेतकी यंत्रांच्या दुरुस्तीचें शिक्षण

2019 सालचा ऑक्टोबर-अखेरचा पाऊस आमच्या वाचकांच्या स्मरणांत असेलच. काढणीस आलेलें सोयाबीन शेतांतच भिजलें, काळ्या जमिनी चिखल होऊन पडल्या, आणि हरभऱ्याच्या पेरणीस वाफसा आला तो अगदीं मोजक्या दिवसांचा. नेमका त्याच दिवसांत आमच्या शेतावरील ट्रॅक्टर बंद पडला. सकाळीं तो चालू होई, पंधरा-वीस मिनिटें चांगला चाले, आणि मग धापा टाकीत थांबे.

तालुक्याच्या गांवच्या एका गॅरेजांतून मिस्त्री आला. त्यानें कान लावून ऐकलें, मान हलविली आणि डिझेलचा पंप गेला असा निकाल दिला. पंप उतरवून शहरांत पाठविण्यांत आला. तो सहाव्या दिवशीं परत आला, बसविला, आणि ट्रॅक्टर पुन्हां वीस मिनिटांनीं थांबला. तोंपर्यंत जमीन वरून सुकून भेगा धरूं लागली होती. शेवटीं शेजारच्या गांवचा एक तरुण, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतून ट्रॅक्टर-मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा करून आलेला, त्यास बोलाविलें. त्यानें पाना हातांत घेण्यापूर्वीं प्रश्नच विचारले: किती वेळानें थांबतो, थांबतांना धूर कोणत्या रंगाचा येतो, गाळणी केव्हां बदलली. मग गाळणीवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून त्यानें हातपंप मारला, तों डिझेलबरोबर बुडबुडे येऊं लागले. टाकीपासून फीडपंपापर्यंत जाणारी रबरी नळी त्यानें वांकवून दाखविली. तिला बारीक चिरा पडल्या होत्या. त्या भागांत पंप डिझेल ओढून घेत असल्यामुळें चिरेंतून डिझेल बाहेर गळत नाहीं, हवा मात्र आंत शिरते. जमिनीवर एक थेंबहि न पडल्यामुळें कोणास संशय आला नव्हता. हातभर नळी बदलली व अर्ध्या तासांत काम झालें. नळीची किंमत आम्ही येथें छापीत नाहीं. पंपाच्या बिलाशेजारीं ती वाचून वाचकांस हंसूं येईल, आम्हांस येणार नाहीं. हरभऱ्याचें निम्में क्षेत्र त्या वर्षीं पेरल्यावांचून राहिलें.

त्या जुन्या मिस्त्रीस आम्ही दोष देत नाहीं. त्याची नियत चांगली होती, आणि हाताची सफाई तर त्या तरुणापेक्षां कितीतरी अधिक. परंतु बिघाड शोधण्याची रीत त्यास कोणीं शिकविलीच नव्हती. लहानपणीं तो गॅरेजांत झाडलोट करूं लागला, पाने पुसूं लागला, आणि उस्ताद जसें करी तसें पाहून करूं लागला. उस्तादास जेवढे दहा-वीस बिघाड ठाऊक, तेवढेच शिष्यास. अकरावा समोर आला कीं अंदाजानें एकेक भाग बदलीत जावयाचें आणि पैसे मालकाचे! उघडण्यापूर्वीं शोधणें, हीच शिकलेल्या व न शिकलेल्या कारागिरांमधील खरी रेषा आहे असें आम्हांस त्या सहा दिवसांत कळलें.

आमच्या वडिलांच्या काळीं औताचा दांडा मोडला किंवा फाळाची धार गेली तर सुतार-लोहार गांवांतच होते. सकाळीं मोडलेलें औत दुपारीं शेतांत जाई, आणि मोबदला खळ्यावर बलुत्याच्या रूपानें मिळे. त्या पद्धतींत जातीची सक्ती होती, कारागिराची नाडणूकहि पुष्कळ होती, आणि ती गेली हें चांगलेंच झालें. पण एक गोष्ट त्याबरोबर गेली ती मात्र जावयास नको होती: दुरुस्त करणारा हात शेताच्या हांकेवर असे. पुढें ऑईल इंजिनें आलीं, विजेचे पंप आले, ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र, मळणीयंत्र आलें. लोहाराचा भाता थंड पडला, आणि दुरुस्ती तालुक्यास जाऊन बसली. 2014-15 सालापासून केंद्र सरकारच्या कृषि-यांत्रिकीकरणाच्या उपअभियानानें यंत्रखरेदीस अनुदान मिळूं लागलें, त्यामुळें ज्या गांवीं पूर्वीं एक ट्रॅक्टर होता तेथें आज दहा दिसतात. त्या दहांची काळजी वाहणारा माणूस मात्र बहुतेक गांवांत एकहि नाहीं.

तो तयार होतो कसा, हें आतां पाहूं.

आपल्या देशांत कारागीर-प्रशिक्षणाची सरकारी योजना 1950 सालीं सुरू झाली. हल्लीं ज्यास लोक सरसहा आय. टी. आय. म्हणतात त्या संस्था तिच्याच. त्यांत आपल्या कामाचे अभ्यासक्रम तीन. ट्रॅक्टर-मेकॅनिकचा एक वर्षाचा, डिझेल-मेकॅनिकचा एक वर्षाचा, आणि शेतकी यंत्रांच्या मेकॅनिकचा दोन वर्षांचा. प्रवेशास दहावी उत्तीर्ण असावें लागतें. प्रत्येक संस्थेंत हे तीनहि असतात असें नाहीं, म्हणून आधीं चौकशी केलेली बरी. ज्याच्या गांवीं केवळ ट्रॅक्टर व इंजिनें आहेत त्यास एक वर्षाचा पुरेल. जेथें पेरणीयंत्रें, फवारणीयंत्रें, मळणी व कापणीचीं यंत्रें वाढत आहेत तेथें दोन वर्षांचा घेतलेला अधिक उपयोगी, असें आमचें मत आहे. याशिवाय मध्य प्रदेशांत नर्मदेकांठीं बुधनी येथें 1955 सालापासून केंद्र सरकारची ट्रॅक्टर व शेतकी यंत्रांचें शिक्षण देणारी संस्था आहे. तिच्याच धर्तीवर पुढें हरियाणांत हिसार, आंध्रांत गार्लादिन्ने व आसामांत विश्वनाथ चरियाली येथें संस्था निघाल्या. तेथील अभ्यासक्रम काहीं आठवड्यांचे असून ते मालकांस व चालकांसहि खुले असतात. स्वतः शेतकऱ्यानें जावयाचें तर बुधनीस जावें; धंदा म्हणून शिकावयाचें तर आय. टी. आय. हाच मार्ग.

तेथें शिकवितात काय? प्रथम मोजणें. गॅरेजांतील पोऱ्या सिलिंडरमध्यें बोट फिरवून झीज सांगतो. शिकलेला मुलगा डायल गेज लावून मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत वाचतो, वर किती, खालीं किती, आडवें किती, उभें किती हें लिहून ठेवतो, आणि मग बोअर करावयाचा कीं नुसत्या रिंगा बदलावयाच्या तें ठरवितो. हा प्रश्न मालकाच्या दृष्टीनें काहीं हजार रुपयांचा असतो. व्हॉल्व्ह व रॉकर यांमधील फट फीलर गेजनें तपासणें, हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या बाजूस क्रमाक्रमानें व दोन-तीन टप्प्यांनीं ठराविक जोरानें आवळणें, हीं कामें पाहणारास क्षुल्लक वाटतात. हेड वांकडें आवळलें गेलें तर पॅकिंग महिनाभरांत उडतें व दोष पॅकिंगच्या कंपनीवर जातो.

दुसरें, खुणा वाचणें. धुराचेंच घ्या. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानें हवा अपुरी: हवेची गाळणी तुंबलेली, नोजल बिघडलेलें, किंवा बिचाऱ्या इंजिनावर झेपेना इतका भार. निळसर धूर म्हणजे वंगणतेल जळत आहे, बहुधा रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाईड झिजले. पांढरा धूर थंडींत सुरुवातीस आला तर चिंता नाहीं. इंजिन तापल्यावरहि येत राहिला तर डिझेल नीट जळत नाहीं किंवा सिलिंडरमध्यें पाणी उतरत आहे. धूळवाफेंत पेरणी करणाऱ्या आपल्या भागांत निम्मे काळे धूर गाळणी स्वच्छ करून जातात, हें आम्ही अनुभवानें सांगतों. ही एवढी गोष्ट मालकानें पाठ केली तरी मिस्त्रीच्या खेपा कमी होतील. अर्थात् मिस्त्री आमच्यावर रागावेल.

तिसरें, आपला व दुसऱ्याचा जीव सांभाळणें. ट्रॅक्टरच्या मागील पी. टी. ओ. चा दांडा मिनिटास 540 फेरे घेतो. त्यावरील झांकण काढून फेंकून दिलेले ट्रॅक्टर आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या दारांत उभे असतील. उपरण्याचें टोंक किंवा पदर त्यांत सांपडल्यावर ओरडण्यासहि वेळ उरत नाहीं. मळणीयंत्रांत हात जाऊन होणारे अपघात डोळ्यांपुढें ठेवून सरकारनें 1983 सालीं धोकादायक यंत्रांचा कायदा केला, तरी दर सुगींत कोणाचा तरी हात जातोच. उचललेल्या औजाराखालीं टेकू न लावतां शिरूं नये, नोजलच्या फवाऱ्यासमोर बोट धरूं नये (तो कातडी भेदून आंत शिरतो), हे नियम शाळेंत पहिल्या आठवड्यांत घोकून घेतले जातात. गॅरेजांत ते बहुधा कोणाचें तरी बोट गेल्यावर समजतात.

मात्र शाळा संपली म्हणजे मिस्त्री तयार झाला असें मानणें ही मोठी चूक होय. संस्थेंतील इंजिन शंभर वेळां उघडून शंभर वेळां जोडलेलें असतें; त्याचा एकहि बोल्ट गंजलेला नसतो. शेतांतील इंजिनाचा बोल्ट पांच पावसाळे खाल्लेला, त्याचे कोपरे कोणीं तरी चुकीच्या पान्यानें गोल केलेले, आणि वर मालक डोक्याशीं उभा राहून ‘झालें का, झालें का’ विचारीत असतो. हें शिक्षण उमेदवारींतच मिळतें. तिचीहि सोय 1961 च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानें आहे. कंपनीच्या किंवा विक्रेत्याच्या कारखान्यांत विद्यावेतन घेऊन वर्षभर काम करतां येतें. घरची ओढ लागून पुष्कळ मुलें हें वर्ष टाळतात, आणि मग प्रमाणपत्र भिंतीवर व मुलगा पारावर असा देखावा दिसतो.

आणखी एक कारण शिक्षणाची निकड वाढवीत आहे. 1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस धुराविषयींचे अधिक कडक नियम लागू झाले. त्यांच्या इंजिनांत डिझेल किती व केव्हां सोडावयाचें हें आतां संगणकासारखी एक पेटी ठरविते, आणि नळींतील दाब जुन्या इंजिनांच्या कित्येक पट असतो. तेथें कान लावून ऐकणारा उस्ताद हतबल होतो. तपासणीचें यंत्र जोडून पेटीनें नोंदलेला दोष वाचावा लागतो. जुन्या चांगल्या मिस्त्रींनींहि कंपन्यांचे अल्पकाळचे वर्ग करून घ्यावेत. त्यांचा हात व ही नवी विद्या एकत्र आली तर तरुणांस त्यांची बरोबरी करणें जड जाईल.

आतां, पाठवावयाचें कोणास? आमच्याकडे अशी वहिवाट पडली आहे कीं, जो मुलगा अभ्यासांत मागें पडला त्यास ‘निदान मिस्त्री तरी हो’ म्हणून यंत्राकडे लोटावयाचें. ज्या कामांत मोजावें, लिहावें, ताडून पाहावें लागतें त्यास घरांतील मंद मुलगा निवडणारा बाप मागून तक्रार करतो तेव्हां आम्हांस त्याची कींव येत नाहीं. जो मुलगा मोडकी सायकल उघडून ती पुन्हां जोडतो आणि हातांत एकहि स्क्रू उरूं देत नाहीं, तो पाठवावा. मग तो बागाईतदाराचा असो कीं मजुराचा. मुलगी असली तरी हरकत नाहीं. संस्थांची दारें मुलींस खुलीं आहेत व डायल गेजला बळ लागत नाहीं.

पाठविलेला परत येऊन गांवांत टिकावा कसा, हा त्याहून कठीण प्रश्न. आणि येथें दोष आम्हां जमीनदार मंडळींचाच अधिक आहे. मिस्त्रीस जूनमध्यें राबवून घ्यावयाचें, आणि पैसे मागितले कीं ‘सुगीवर बघूं’ म्हणावयाचें! सुटे भाग त्यानें रोखीनें आणावयाचे व उधारी आमची! दोन हंगाम असे गेले कीं तो शहरांतील कारखान्याची वाट धरतो, आणि मग आपण तालुक्याच्या गॅरेजास शिव्या देत बसतों. आमची सूचना अशी. गांवांतील यंत्रमालकांनीं एकत्र येऊन दर यंत्रामागें सालीना एक रक्कम ठरवावी. निम्मी मृगापूर्वीं, निम्मी सुगीनंतर द्यावी. त्याबद्दल मिस्त्रीनें खरिपापूर्वीं व रबीपूर्वीं प्रत्येक यंत्र तपासावें, तेल व गाळण्या तासांच्या हिशेबानें बदलल्या कीं नाहीं याची वही ठेवावी, आणि पेरणीच्या दिवसांत हांकेस धांवावें. सुटे भाग ज्याचे त्यानें रोखीनें घ्यावेत. पान्यांची पेटी व मोजण्याचीं साधनें यांस गांवच्या सोसायटीनें त्यास कर्ज द्यावें. बैलजोडीस कर्ज देतांना आपण कधीं फार विचार केला नाहीं.

प्रवेशाचे अर्ज दहावीच्या निकालानंतर निघतात. मुलास पाठविण्याचा ज्यांचा विचार असेल त्यांनीं त्यापूर्वींच, मे महिन्यांत, एखादा दिवस मोडून संस्था स्वतः पाहून यावी. इमारत व फलक पाहूं नयेत. सरळ कार्यशाळेंत जावें. ट्रॅक्टर रंग लावून, पुसून, दोरी बांधून एका बाजूस उभा असेल तर दुसरी संस्था पाहावी. त्याचें पोट फरशीवर उघडें पडलें असेल, भाग ताटांत ओळीनें मांडलेले असतील आणि मुलांचे हात कोपरापर्यंत काळे असतील, तर त्याच दिवशीं निदेशकाची भेट घेऊन यावें.