चल, खेळायला येतोस?

संध्याकाळी पाचच्या सुमारास वाड्याच्या किंवा सोसायटीच्या आवारात उभे राहून, मान वर करून मारलेली हाक, ही आपल्याकडच्या मुलांच्या खेळाची खरी सुरुवात असे. बॅट आणि चेंडू नंतर. आधी तीन गोष्टी कळाव्या लागत. मैदान मोकळे आहे का? कोण कोण आले आहे? आणि संघात आपल्याला जागा आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की पोरे चपला पायात अडकवून पळत सुटत.

संगणकावरच्या खेळांनी मैदान बदलले, पण प्रश्न तेच राहिले. इंटरनेटवर इतरांबरोबर खेळायचे तर खेळ कुठे चालू आहे, तिथे कोण आहे आणि जागा आहे का, हे आधी शोधावे लागे. एकेकाळी हे शोधण्याचे एक झकास साधन मुलांच्या हाती होते. गप्पा मारण्याच्या कार्यक्रमात बसवलेल्या चार-दोन ओळींच्या आज्ञा, म्हणजे 'स्क्रिप्ट'. आज ती फारशी कुणाला आठवत नाही. पण आपले मूल कुणाबरोबर खेळते, हा प्रश्न ज्या आईवडिलांना पडतो, त्यांनी तिची गोष्ट जाणून घ्यावी अशी आहे.

टेलिफोनच्या तारेवरचे मैदान

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगमने ते आधी चार महानगरांत सुरू केले आणि पुण्याचाही क्रमांक लवकरच लागला. मोडेम घरच्या टेलिफोनला जोडायचा, त्याची ती किरकिर ऐकायची आणि जोडणी टिकावी म्हणून देवाचे नाव घ्यायचे, असा तो काळ. मुलगा इंटरनेटवर असेपर्यंत घरचा फोन गुंतलेला असे. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना या व्यवसायाचे दार उघडले आणि मग गल्लोगल्ली सायबर कॅफे उभे राहिले.

बिबवेवाडीसारख्या उपनगराला तर ते मानवलेच. एका अंगाला मार्केट यार्ड, दुसऱ्या अंगाला सातारा रस्ता, वर चढत गेलेले अप्पर इंदिरानगर, आणि तिथेच १९८३ पासूनचे विश्वकर्मा अभियांत्रिकी महाविद्यालय. जिथे अभियांत्रिकीची मुले, तिथे झेरॉक्सचे दुकान, वडापावची गाडी आणि सायबर कॅफे हे समीकरणच होते. प्लायवूडचे आडोसे, तासावर मोजले जाणारे पैसे आणि भिंतीवर 'मोठ्याने बोलू नये' अशी पाटी. आपल्याकडे बहुतेक मुलांनी 'काउंटर-स्ट्राइक' हा खेळ प्रथम अशाच कॅफेत खेळला. तेव्हा तो बहुधा एकाच खोलीतल्या यंत्रांमध्ये रंगे. प्रतिस्पर्धी पलीकडच्याच खुर्चीत असे आणि त्याची शिवीही थेट कानावर येई.

खोलीबाहेरच्या खेळाडूंशी खेळायचे म्हटले की अडचण सुरू होई. ती अंतराची. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. पुण्याहून सिंगापूर सुमारे चार हजार किलोमीटर. म्हणजे संदेश सरळ रेषेत गेला आणि उत्तर घेऊन आला, तरी सेकंदाचे चाळीस सहस्रांश खर्ची पडणारच. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत हाच हिशेब सव्वाशेच्या घरात जातो. प्रत्यक्षात समुद्रातल्या केबली वळसे घेतात आणि टेलिफोनवरचा मोडेम स्वतःचा उशीर त्यात मिसळतो. खेळाडू या उशिराला 'पिंग' म्हणतात. पिंग वाढला की तुम्ही बंदूक रोखेपर्यंत समोरचा तुम्हाला मारून पुढे गेलेला असतो. त्यातच भारतातल्या एका कंपनीच्या ग्राहकाचा संदेश दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाकडे जाताना अनेकदा परदेशाची वारी करून येई. देशातल्या देशात अशी देवाणघेवाण व्हावी यासाठी 'निक्सी' ही संस्था स्थापन झाली ती २००३ मध्ये.

तेव्हा जवळचा, मोकळा आणि बऱ्या सोबतीचा सर्व्हर शोधणे ही चैन नव्हती. तो सापडला नाही तर खेळच होत नसे.

गप्पांचा कट्टा

हा शोध जिथे चाले तो कट्टा खेळाहून जुना होता. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने १९८८ मध्ये इंटरनेट रिले चॅट, म्हणजेच आयआरसी, ही व्यवस्था तयार केली. हिच्यात 'चॅनेल' नावाच्या खोल्या असतात. खोलीत शिरायचे, टोपणनाव घ्यायचे आणि लिहायला लागायचे. चित्र नाही, आवाज नाही, फक्त अक्षरे. त्यामुळे अगदी मंद जोडणीवरही ती चाले. १९९५ मध्ये खालेद मर्दम-बे याने विंडोजसाठी 'एमआयआरसी' हा कार्यक्रम काढला आणि आयआरसी घरोघरच्या संगणकावर पोहोचली.

पुढच्याच वर्षी, जून १९९६ मध्ये, 'क्वेक' हा खेळ आला. इंटरनेटवरून अनोळखी माणसांशी खेळण्याचे वेड खऱ्या अर्थाने त्याने लावले. क्वेकच्या खेळाडूंना गप्पांसाठी जागा हवी होती. त्यातून १९९७ मध्ये 'क्वेकनेट' हे त्यांचे स्वतंत्र आयआरसी जाळे उभे राहिले. फेब्रुवारी २००५ मध्ये एका वेळी दोन लाख चाळीस हजारांहून अधिक माणसे त्यावर हजर होती. खेळासाठी जमलेली ही जत्राच म्हणायची.

गाळा क्रमांक २७०१५

आता स्क्रिप्ट काय करी ते पाहू. त्यासाठी बिबवेवाडीकरांनी शेजारच्या मार्केट यार्डाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे.

यार्डात शेकडो गाळे. कुठल्या गाळ्यावर आज काय माल आहे हे बाहेरून कळत नाही. प्रवेशद्वाराशी माहितगार माणूस असला तर तो गाळ्यांचे क्रमांक सांगेल. पण भाव काय आणि माल किती उरला, हे त्या त्या गाळ्यावर जाऊनच विचारावे लागते. इंटरनेटवरच्या खेळांचेही तसेच. खेळ चालवणारा संगणक म्हणजे सर्व्हर. त्याला आकड्यांचा पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर एक 'पोर्ट', म्हणजे जणू गाळ्याचा क्रमांक. 'हाफ-लाइफ' आणि त्यावर बेतलेल्या काउंटर-स्ट्राइकचा नेहमीचा पोर्ट २७०१५, 'क्वेक ३' चा २७९६०. प्रवेशद्वाराशी बसणारा माहितगार म्हणजे 'मास्टर सर्व्हर'. चालू असलेल्या सर्व्हरांच्या पत्त्यांची यादी त्याच्याकडे असते.

एमआयआरसीमध्ये स्वतःच्या आज्ञा लिहून ठेवायची सोय होती. खोलीत कुणी उद्गारचिन्ह आणि त्यापुढे ठरलेला एखादा शब्द टाइप केला की स्क्रिप्ट जागी होई. ती सर्व्हरच्या पत्त्यावर एक इवलासा संदेश पाठवी. क्वेकच्या पद्धतीत या संदेशाच्या सुरुवातीला २५५ हा अंक चार वेळा येई आणि मागोमाग 'स्थिती सांग' अशा अर्थाचा एक शब्द. सर्व्हर लगेच उत्तर देई. सर्व्हरचे नाव, चालू असलेला नकाशा, किती खेळाडू खेळत आहेत, एकूण जागा किती, प्रत्येकाचे नाव आणि गुण. प्रश्न आणि उत्तर यांमध्ये गेलेला वेळ स्क्रिप्टने मोजला की पिंगही समजे. ही सगळी माहिती दोन रंगीत ओळींत खोलीत उमटे. 'सोळापैकी चौदा जागा भरल्या आहेत, दोघे या.' त्या ओळीवर टिचकी मारली की स्क्रिप्ट खेळ उघडून, सर्व्हरचा पत्ता त्याच्या हाती देऊन, मुलाला थेट मैदानात उतरवी.

मैदान, सवंगडी आणि जागा. आवारातून मारलेल्या हाकेचे तिन्ही प्रश्न या दोन ओळींत आले.

यात दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही मोलाच्या. पहिली म्हणजे, स्क्रिप्ट वाचता येत असे. ती साध्या मजकुराची फाइल होती. ती उघडली की कुठल्या शब्दाला काय उत्तर मिळते हे दिसे. एक ओळ बदलून पाहिली, बिघडली, पुन्हा दुरुस्त केली, अशी खटपट करताकरता एक यंत्र दुसऱ्या यंत्राशी कसे बोलते, याचा पहिला धडा खेळाच्या नादात गिरवला जाई.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सर्व्हरची माहिती यंत्र सांगे, पण निवड माणूस करी. कुठल्या खोलीत बसायचे, कुणाच्या सर्व्हरवर जायचे, कुणाशी पुन्हा खेळायचे नाही, हे खेळाडू ठरवत. खोलीला चालक असत. कुणी फार आरडाओरड केली तर ते त्याला हाकलून देत. त्याच त्याच सर्व्हरवर तीच तीच टोपणनावे भेटत. कोण चिडका, कोण लबाड, कोण नवख्याला सांभाळून घेणारा, हे महिनाभरात कळून चुके. थोडक्यात, तिथे एक आळी तयार होत असे.

आळी म्हटली की भामटेही आले

हे चित्र फार गोड करून सांगण्यात अर्थ नाही. अनोळखी माणसाने दिलेली स्क्रिप्ट न वाचता संगणकात बसवणे म्हणजे घराची किल्ली त्याच्या हातात देणे. १९९७ मध्ये एमआयआरसीवरून एक उपद्रवी फाइल पसरली. ती ज्याच्या संगणकात शिरे, त्याच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला ती आपली प्रत परस्पर पाठवी आणि त्या संगणकावर परक्यांना हुकूम सोडता येत. तिने 'स्क्रिप्ट' हेच नाव घेतले होते, हे विशेष.

सर्व्हरला प्रश्न विचारण्याच्या साध्या रीतीचाही गैरवापर झाला. प्रश्न छोटा आणि उत्तर मोठे. मग प्रश्नावर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घातला तर? तो मोठा उत्तराचा लोंढा भलत्याच माणसाच्या दारात जाऊन कोसळतो. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी संगणक-सुरक्षा यंत्रणेने याविषयी इशारा दिला. त्यात क्वेकच्या पद्धतीत हल्ला ६३.९ पट फुगतो, असा आकडा होता. मुलांच्या खेळातला निरुपद्रवी प्रश्न असा शस्त्र म्हणून वापरला गेला.

शिवाय टोपणनावामागे पंधरा वर्षांचा मुलगा आहे की पन्नाशीचा गृहस्थ, हे कुणालाच कळत नसे. आईवडिलांची काळजी तेव्हाही खोटी नव्हती.

मग बटण आले

हळूहळू स्क्रिप्टची गरज कमी झाली. १९९६ मध्ये निव्वळ क्वेकचे सर्व्हर शोधण्यासाठी निघालेला एक कार्यक्रम पुढे 'गेमस्पाय' या नावाने मोठा झाला आणि अनेक खेळांना यादी पुरवू लागला. सप्टेंबर २००३ मध्ये 'स्टीम' आले आणि सर्व्हरची यादी त्यातच मिळू लागली. ३१ मे २०१४ रोजी गेमस्पायची सेवा बंद झाली. तेव्हा एक मौज दिसली आणि शोकांतिकाही. कितीतरी जुन्या खेळांचे सर्व्हर चालूच होते, पण प्रवेशद्वाराशी बसलेला माहितगार उठून गेला होता. ज्यांच्याकडे पत्ता लिहून ठेवलेला होता ते खेळत राहिले, बाकीचे चुकले. पुढे काही खेळांसाठी हौशी मंडळींनी स्वखर्चाने नव्या याद्या उभ्या केल्या.

आजच्या लोकप्रिय मोबाइल खेळांत तर यादीच नसते. एकच बटण. ते दाबले की कंपनीचा संगणक क्षणार्धात जगभरातून सवंगडी गोळा करतो. खेळ संपला की ते पांगतात आणि पुन्हा बहुधा कधीच भेटत नाहीत. सोय मोठीच आहे. पण निवड गेली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने 'पबजी मोबाइल' वर बंदी घातली, तेव्हा मुलांना हेही कळले की ज्या मैदानाची किल्ली आपल्याकडे नाही ते एका रात्रीत बंद होऊ शकते.

तरीही ती जुनी हाक पुरती विरलेली नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'डिस्कॉर्ड' वर मुले पुन्हा खोल्या करून बसतात. तिथले 'बॉट' तेच काम करतात जे एमआयआरसीची स्क्रिप्ट करी. 'माइनक्राफ्ट' मध्ये चार मित्र मिळून स्वतःचा सर्व्हर चालवतात, त्याचा पत्ता एकमेकांना देतात, आणि बॉट सांगतो की आत्ता तिघे आत आहेत. नियम मुलेच करतात, मोडणाऱ्याला मुलेच बाहेर काढतात.

विचारायचा प्रश्न

घरोघरी मुलांना एकच प्रश्न विचारला जातो. 'किती वेळ खेळणार आहेस?' तो विचारावाच. पण बाहेर खेळायला निघालेल्या मुलाला आपल्या आजीने कधी एवढेच विचारले नव्हते. कुठे चाललास, बरोबर कोण आहे आणि ती कुणाची पोरे, हे तिचे खरे प्रश्न असत. वेळेचा प्रश्न दिवेलागणीला.

पडद्यावरच्या मैदानालाही हेच प्रश्न लागू आहेत. हा सर्व्हर कुणाचा? इथले सवंगडी तू निवडलेस की यंत्राने? कुणी त्रास दिला तर त्याला बाहेर काढणारे कुणी आहे का? कुणी फाइल पाठवली तर ती काय करते हे तुला ठाऊक आहे का? खेळात पैसे लावायचे आहेत का? या शेवटच्या प्रश्नाला ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायद्यानेच उत्तर दिले आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. बाकीच्या प्रश्नांना कायदा पुरा पडणार नाही. ती उत्तरे घरातच मिळवावी लागतील.

आणि मुलाने आपल्या मित्रांसाठी छोटासा सर्व्हर उभा करायचा ठरवला, पत्ता आणि पोर्ट म्हणजे काय ते तो तुम्हाला सांगू लागला, तर हातातले काम ठेवून ऐकावे. बटण दाबून अनोळखी गर्दीत शिरण्यापेक्षा, चार ओळखीच्यांना हाक मारून जागा धरणे हे केव्हाही शहाणपणाचे. पूर्वी आवारात उभे राहून ते करता येई. आता त्यासाठी थोडे संगणकाचे ज्ञान लागते, एवढाच फरक.